आधी व्याध, मग भाकरी, मग देवयानी

खानापूर तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलंय, त्यांचा प्रश्न थोडक्यात सांगतो. मुलगी नुकतीच आठ वर्षांची झाली. मोबाइलवर गॅलेक्सीचे रंगीत फोटो बघून तिला वेड लागलंय. ‘हे आपल्या घरावरून कुठे दिसतं?’ असं रोज विचारते. शाळेत काही शब्द कन्नडमध्ये कानावर पडतात, घरी आजी वेगळंच काही सांगते, त्यामुळे सगळा गोंधळ. वाढदिवसाला टेलिस्कोप घ्यावा का, आणि सुरुवात कुठून करावी?

ताई, बेळगावच्या आजूबाजूच्या शाळांत विज्ञान शिकवताना आणि निवृत्तीनंतरही मी मुलांना रात्री आकाश दाखवत आलो आहे. त्या अनुभवातून पहिली गोष्ट सांगतो: सुरुवात गॅलेक्सीपासून करू नका. मी केली होती. जांबोटीच्या बाजूला एका गावात पंचवीस-तीस पोरं जमवली, तासभर दीर्घिका (म्हणजे गॅलेक्सी), प्रकाशवर्षे, अब्जावधी तारे असं जोरात भाषण ठोकलं आणि मग एकेकाला दुर्बिणीतून देवयानी नावाची दीर्घिका दाखवली. पाचवीतला एक पोरगा डोळा लावून बराच वेळ थांबला. मागचा ओरडला, “काय बघूलास एवढं?” तो बाजूला होत म्हणाला, “सर, काच पुसा की, डाग पडलाय.” तो डाग म्हणजेच देवयानी. चूक पोराची नव्हती. फोटोतला निळा-जांभळा भोवरा कॅमेऱ्याने तासन् तास उजेड साठवून केलेला असतो. आपला डोळा तसा साठवत नाही, त्यामुळे त्याला कापसाचा विस्कटलेला बोळाच दिसतो. हे मी आधी सांगितलं नव्हतं आणि त्या डागाची किंमत कळण्याइतकी पोरांची आकाशाशी ओळखही नव्हती.

म्हणून आधी ओळख. एकच तारा घ्या आणि महिनाभर तोच बघा. थंडीत सुरुवात करणार असाल तर व्याध. जानेवारी-फेब्रुवारीत जेवणं झाल्यावर अंगणात आलात की रात्रीच्या आकाशातला सगळ्यांत तेजस्वी तारा तोच. ग्रह त्याहून ठळक असू शकतात, पण ते सहसा लुकलुकत नाहीत. व्याध क्षितिजाजवळ असला की लाल-हिरवा-निळा असा चमचमतो. त्याच्या वरच्या अंगाला तीन तारे एका रेषेत दिसतील, तो मृगाच्या पोटात घुसलेला बाण. आमची आजी त्याला तिकांडं म्हणायची. बाणाभोवतीचे चार तारे म्हणजे मृगाचे चार पाय. बाण मारणारा शिकारी तो व्याध. आठ वर्षांच्या मुलीला एवढी गोष्ट पुरते. दुसऱ्या दिवशी ती स्वतः शोधते आणि तिसऱ्या दिवशी शेजारच्या पोरांना शिकवते. माझ्या मते आकाशाचं शिक्षण खरं सुरू होतं ते या तिसऱ्या दिवशी.

आता शब्दांचा गोंधळ. आपल्या भागातल्या मुलांना हा हमखास होतो आणि त्याकडे कुणी लक्ष देत नाही. कन्नडमध्ये कुठल्याही ताऱ्याला नक्षत्र म्हणतात, बोलताना चुक्कीही म्हणतात. मराठीत मात्र नक्षत्र म्हणजे चंद्राच्या वाटेवरचे ताऱ्यांचे सत्तावीस टप्पे, अश्विनी ते रेवती. त्यामुळे शाळेत ‘नक्षत्र’ ऐकून आलेली मुलगी घरी ‘आज मृग नक्षत्र लागलं’ हे ऐकते तेव्हा तिला वाटतं एखादा तारा कुठे तरी चिकटला. दोन्ही अर्थ तिला सरळ सांगून टाका. दोन भाषा येणाऱ्या पोरांना हे जड जात नाही, एकाच भाषेत वाढलेल्या आपल्यालाच जातं. गॅलेक्सीला मराठीत दीर्घिका म्हणतात आणि आपण राहतो त्या दीर्घिकेचं नाव आकाशगंगा. पुष्कळ लोक सगळ्याच दीर्घिकांना आकाशगंगा म्हणतात. पोरीला त्यावरून टोकत बसू नका, हळूहळू बसतं ते.

मृगावरून आठवलं. शेतकऱ्याच्या घरातलं पोर एक प्रश्न नक्की विचारतं: सात-आठ जूनला आजोबा म्हणतात मृग निघाला, पेरणीला लागा, मग त्या रात्री आकाशात मृग का नाही? ढग नसले तरी नाही. याला उत्तर देताना मी घरातला बल्ब वापरतो. खोलीच्या मधोमध डोक्याच्या उंचीवर एक उघडा बल्ब टांगायचा, तो सूर्य. चार भिंतींवर चार कागद चिकटवायचे, एकावर मृग, समोरच्या भिंतीवर ज्येष्ठा, उरलेल्या दोन्हींवर कुठलीही नावं. पोरीला बल्बभोवती फिरवायचं. ती ज्येष्ठेच्या भिंतीजवळ उभी राहून बल्बाकडे बघते तेव्हा बल्बामागचा मृगाचा कागद डोळे दिपल्यामुळे वाचता येत नाही. हाच जून. सूर्य मृगात आहे, म्हणजे मृग सूर्यामागे आहे आणि दिवसा सूर्याबरोबर उगवून मावळतो. मग तिला अर्धी फेरी मारायला लावायची आणि बल्बाकडे पाठ करून उभी करायची. मृगाचा कागद समोर लख्ख दिसतो. हा डिसेंबर. पंचांगातला मृग आणि आकाशातला मृग एकच, हे कळल्यावर मोठी माणसंही गप्प होतात. एका गावात तर मुलांपेक्षा आजोबाच त्या बल्बाभोवती दोनदा फिरले.

ओळख झाली की अंतराकडे वळा, पण आकड्यांनी नको. वयाने सांगा. प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावतो. चंद्राचा उजेड आपल्यापर्यंत यायला सव्वा सेकंद लागतो, सूर्याचा आठ मिनिटं वीस सेकंद. व्याधाचा ८.६ वर्षं. उजेड वर्षभरात जेवढा लांब जातो ते एक प्रकाशवर्ष, म्हणून व्याध ८.६ प्रकाशवर्षांवर. म्हणजे तुमची मुलगी आज रात्री व्याधाकडे बघेल तेव्हा तिच्या डोळ्यात शिरणारा उजेड तिथून निघाला त्या वेळी ती तुमच्या पोटात होती. हे वाक्य मी अनेक आयांना सांगितलंय आणि प्रत्येक वेळी मुलीआधी आईच वर बघते.

मग घरातल्या प्रत्येकाचा तारा शोधायचा. अकरा वर्षांच्या दादाला प्रश्वा, साधारण साडेअकरा प्रकाशवर्षांवर. सतरा वर्षांच्या आत्तेभावाला श्रवण. पंचविशीतल्या मावशीला अभिजित. चौतिशीतल्या आईला पुनर्वसूच्या जोडीतला जास्त तेजस्वी तारा. सदतिशीतल्या बाबांना स्वाती. पासष्टीच्या आजीला रोहिणी. वय आणि अंतर अगदी काटेकोर जुळत नाही, वर्षा-दोन वर्षांचा फरक चालवून घ्यायचा. तारे सगळे एका ऋतूत दिसत नाहीत, हाही फायदाच. मावशीच्या अभिजितसाठी पावसाळा सरेपर्यंत वाट बघावी लागते, आणि वाट बघण्यामुळे तारा लक्षात राहतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर कुणाचा तारा कधी दिसला ते लिहायला सांगा.

ताऱ्याच्या रंगासाठी स्वयंपाकघरच बरं. चुलीतला निखारा लाल, गॅसची ज्योत निळी, आणि निळी जास्त तापलेली. मृगाचा एक तारा, काक्षी, तांबूस आहे. तिरप्या समोरचा राजन्य निळसर पांढरा. काक्षीचा पृष्ठभाग साधारण साडेतीन हजार अंश, आपल्या सूर्याचा साडेपाच हजार, राजन्याचा त्याच्याही दुप्पट. थंड म्हणजे लहान मात्र नव्हे, काक्षी प्रचंड आहे. किती, ते आता गोटीवर येईल.

साधी काचेची गोटी घ्या, दीड सेंटिमीटरला थोडी कमी. ती सूर्य. या मापात एक सेंटिमीटर म्हणजे दहा लाख किलोमीटर. पृथ्वी दीड मीटरवर, डोळ्याला जेमतेम दिसेल असा धुळीचा कण. सगळ्यांत लांबचा ग्रह नेपच्यून पंचेचाळीस मीटरवर, म्हणजे शाळेचं मैदान पुरतं. काक्षी याच मापात दहा मीटरच्या आसपास, आमच्या कौलारू घराएवढा गोळा. आता विचारा, दुसरी गोटी, म्हणजे सूर्याच्या सगळ्यांत जवळचा तारा, कुठे ठेवायची? पोरं मैदानाचं टोक दाखवतात, हुशार असेल तो खानापूर म्हणतो. खरं उत्तर सुमारे चारशे किलोमीटर. गोटी बेळगावात असेल तर सरळ रेषेत पुढची गोटी मुंबईत. बंगळूर त्याहून थोडं लांब पडतं, पण वर्गात दोन्ही बाजूंची पोरं असतात तेव्हा मी दोन्ही नावं घेतो. आकाशासाठी आणखी एक सीमावाद कशाला?

हे जे शेजारचे तारे आहेत त्यांतला मित्र नावाचा तारा आपल्याकडून दिसतो, युरोपातल्या पोरांना घरून दिसत नाही. मेच्या मध्यावर रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेला तोंड करून उभं राहा. क्षितिजापासून साधारण दीड मूठ वर चार ताऱ्यांचा लहानसा पतंग दिसेल, तो त्रिशंकू. त्याच्या डावीकडे दोन ठळक तारे, त्यांतला लांबचा आणि जास्त तेजस्वी तो मित्र, ४.३७ प्रकाशवर्षांवर. हात लांब करून मूठ धरली की ती आकाशात साधारण दहा अंश झाकते. मुलाची मूठ लहान असते तसा हातही आखूड असतो, त्यामुळे हिशेब तोच. बेळगावचा अक्षांश साधारण सोळा, म्हणून ध्रुवतारा उत्तरेला क्षितिजापासून दीड मूठच वर. परदेशी पुस्तकांतली चित्रं बघून पोरं तो डोक्यावर शोधतात आणि सापडत नाही म्हणून हिरमुसतात. आपल्याकडे तो आंब्याच्या झाडाआड लपतो. तसंच अरुंधतीचं. लग्नात भटजी भर दुपारी मांडवातून ती दाखवतात आणि नवरा-नवरी ‘दिसली’ म्हणतात. एप्रिलच्या रात्री सप्तर्षींच्या शेपटीतला मधला तारा, वसिष्ठ, नीट बघा. त्याला चिकटून एक बारीक तारा आहे, ती अरुंधती. मुलीला दिसली नाही तर चष्म्याचा नंबर तपासून घ्या. हे चेष्टेने म्हणत नाही, एका मुलाचा नंबर आम्हाला असाच कळला.

इतकं झालं की दीर्घिकेकडे यायचं, आणि त्याला गोटी चालत नाही. गोटीच्या मापात आकाशगंगा चंद्राच्याही कितीतरी पलीकडे जाते. माप बदलावं लागतं, आणि इथे आपल्या घरची शाळूची भाकरी कामाला येते.

आकाशगंगेची रुंदी सुमारे १ लाख प्रकाशवर्षं आणि तिच्या चकतीची जाडी साधारण १ हजार. शंभराला एक. पंचवीस सेंटिमीटरची भाकरी घ्या, शंभराला एकने जाडी येते अडीच मिलिमीटर. हात बसलेल्या बाईची पातळ भाकरी अशीच असते. मधोमध लोण्याचा गोळा ठेवा, तो आकाशगंगेचा फुगीर गाभा. सूर्य गाभ्यापासून सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवर आहे, म्हणजे मध्यापासून साडेसहा सेंटिमीटरवर, कडेपर्यंतच्या निम्म्या वाटेवर. तिथे तीळ चिकटवा. आता तिळावर करंगळीचं टोक टेकवायला सांगा. आपल्याला नुसत्या डोळ्यांनी दिसणारे जवळजवळ सगळे तारे, व्याध, मृग, रोहिणी, सप्तर्षी, त्या करंगळीच्या टोकाखाली आले. उरलेल्या भाकरीत दहा हजार कोटींहून जास्त तारे आहेत आणि त्यांतला एकेक वेगळा आपल्याला दिसत नाही.

मग ताट उचलून डोळ्यांच्या पातळीला धरा, भाकरी आडवी. मुलीला म्हणा, तू तीळ आहेस आणि भाकरीच्या आत बसली आहेस. वर बघितलंस तर भाकरी लगेच संपते. आडवं बघितलंस तर पीठच पीठ. रात्री आकाशात जो दुधाळ पट्टा दिसतो, ते आडवं बघितल्यावर दिसणारं पीठ. आकाशगंगा ‘तिकडे वर’ नाही, आपण तिच्या आत आहोत, हे मोठ्यांनाही सहज पटत नाही. ताट डोळ्यासमोर आलं की पटतं. भाकरी गरम असू नये एवढं बघा.

आता दुसरी भाकरी, पहिलीपेक्षा मोठी. ती देवयानी दीर्घिका, सुमारे २५ लाख प्रकाशवर्षांवर. आकाशगंगेच्या पंचवीस पट अंतर, म्हणजे सव्वासहा मीटर. चुलीपासून तुळशीपर्यंत. इथे मुलांना गंमत कळते: गोटी आणि गोटीत मुंबईएवढं अंतर, पण भाकरी आणि भाकरीत अंगणाएवढंच. तारे एकमेकांपासून फार लांब, दीर्घिका मात्र आपल्या आकाराच्या मानाने शेजारी. पुण्याच्या आयुका या खगोलसंशोधन संस्थेतल्या संशोधकांनी २०१७ मध्ये दीर्घिकांचा एक प्रचंड समूह शोधला, त्याला सरस्वती नाव दिलं. तो सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षांवर आहे. भाकरीच्या मापात दहा किलोमीटर, दोन-तीन गावं ओलांडून. आयुका ज्यांनी उभी केली ते जयंत नारळीकर जन्मले आपल्या शेजारच्या कोल्हापुरात, १९३८ मध्ये. पोरांना हे सांगा, कोल्हापूर त्यांनी पाहिलेलं असतं.

आणि हेही सांगा की शंभर वर्षांपूर्वीपर्यंत मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही ही दुसरी भाकरी आहे की आपल्याच भाकरीवरचा डाग, हे नक्की माहीत नव्हतं. १९२३ मध्ये हबल या खगोलशास्त्रज्ञांना देवयानीत तेज कमी-जास्त होणारा एक खास प्रकारचा तारा सापडला. अशा ताऱ्याला मंद-तेज व्हायला जितके जास्त दिवस लागतात तितका तो मुळात जास्त तेजस्वी असतो, हा नियम हेन्रिएटा लेव्हिट या बाईंनी आधीच शोधून ठेवला होता. मुळात किती तेजस्वी आहे ते कळलं आणि दिसतो किती मंद ते दिसतंच आहे, त्यावरून अंतर निघालं. लांबच्या मोटारसायकलचा दिवा बघून ती किती दूर आहे हे आपण ठरवतो, तसंच. तेव्हा तुमची मुलगी डाग म्हणाली तर रागावू नका.

देवयानी बघायची वेळ डिसेंबरचा पहिला पंधरवडा, अमावस्येच्या आसपास, रात्री आठ. उत्तरेला तोंड करा. साडेचार मुठी वर इंग्रजी एमसारखी ताऱ्यांची आकृती दिसेल, ती शर्मिष्ठा. एमच्या दोन शिखरांतलं डावीकडचं जास्त टोकदार आहे. त्या टोकावरून सरळ वर दीड मूठ जा. तिथे अंधारात धुराचा पुसट ठिपका असेल. त्याच्याकडे रोखून बघू नका, थोडं बाजूला बघा. डोळ्याच्या मध्यापेक्षा कडेच्या भागाला मंद उजेड जास्त कळतो. डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि एकदा मोबाइल उघडला की पुन्हा पहिल्यापासून. टॉर्चला लाल जिलेटीन कागद गुंडाळा. ठिपका दिसला की एवढंच सांगा की हा उजेड निघाला तेव्हा आपल्यासारखी माणसं पृथ्वीवर नव्हती. नंतर गप्प राहा, हे मला फार उशिरा कळलं.

जागेचं म्हणाल तर बेळगाव शहरातून देवयानी विसरा. गावातही हायमास्ट दिवा असेल तर त्याच्याकडे पाठ आणि घराची सावली. खानापूरच्या पुढे, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला आकाश अजून चांगलं काळं आहे. पण जून ते सप्टेंबर तिकडे आकाशच नसतं, नुसता पाऊस. उसाचं पाचट पेटवण्याच्या दिवसांत धुरकटही असतं. आकाशगंगेचा जाड पट्टा, म्हणजे लोण्याच्या गोळ्याकडची बाजू, वृश्चिक आणि धनूच्या मधे, मे महिन्यात मध्यरात्रीच्या सुमारास वर येतो. उन्हाळ्याची सुट्टी, गच्चीवर अंथरूण, आणि वळवाच्या पावसाने धूळ खाली बसलेली रात्र मिळाली तर सोडू नका. मी आकाशगंगा सगळ्यांत सुंदर पाहिली ती अशाच रात्री, वळवाने वीज घालवली होती म्हणून.

टेलिस्कोप. नको, एवढ्यात नको. मी एकदा शाळेसाठी एका दुकानातून ‘४५० पट’ असं छापलेला खोका आणला होता. साठ मिलिमीटरची काच, तिला कामाची पट फार तर एकशेवीस. पाय इतके लटपटायचे की चंद्र नाचायचा. मुलं आठवडाभरात कंटाळली आणि त्याहून वाईट म्हणजे त्यांना वाटलं आकाशच कंटाळवाणं आहे. पैसे घालायचेच असतील तर ७ बाय ५० किंवा १० बाय ५० ची द्विनेत्री, म्हणजे दोन्ही डोळ्यांनी बघायची दुर्बीण घ्या. पहिला आकडा किती पट, दुसरा काच किती मिलिमीटरची. तिच्यातून कृत्तिकेचे सहा-सात तारे डझनावारी होतात, मृगाच्या बाणाखालचा धुक्याचा ढग, जिथे नवे तारे जन्मतात, तो दिसतो, आणि देवयानी लांबट होते. आठ वर्षांच्या हाताला ती जड लागते, तेव्हा कोपर भिंतीवर टेकवा नाहीतर पोरीला बाजेवर उताणी निजवा. मोबाइलवर आकाशाचा नकाशा दाखवणारं स्टेलॅरियम हे अॅप फुकट मिळतं, पण ते तुम्ही दुपारी बघून ठेवा, रात्री तिच्या हातात देऊ नका.

आजीला यातून वगळू नका. आमच्याकडे सप्तर्षीला म्हातारीची बाज म्हणायचे, चार खुरांची, आणि शेपटीतले तीन तारे म्हणजे ती ओढून नेणारे तीन चोर. तुमच्याकडे आजी आणखी काही सांगत असतील. त्रिशंकू आणि अगस्तीच्या गोष्टीही सांगू द्या. मुलीने ‘खरं काय?’ विचारलं तर गोष्ट गोष्टीच्या जागी आणि भाकरी भाकरीच्या जागी, असं म्हणा. आठ वर्षांच्या मुलांना ते दोन्ही वेगळं ठेवता येतं.

डिसेंबरला अजून वेळ असेल तर तोवर व्याधावर भागवा, पहाटे लवकर उठलात तर तो ऑक्टोबरपासून दिसतो. बाहेर जाताना कानटोपी, घोंगडी, बूट आणि थर्मासमध्ये चहा घ्या. रान टाळा, गावालगतचं उघडं शेत पुरतं, आणि पाय ठेवण्याआधी त्याच लाल टॉर्चने खाली बघा. ठिपका दिसला की मुलीला तो त्याच रात्री पेन्सिलने काढायला सांगा, आणि कागदाच्या मागे आजीच्या रोहिणीची तारीखही लिहून ठेवा.